ओपन सोर्स प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन कुठे ठेवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोड कुठे ठेवायचा हे ठरलंय, पण माहितीची पानं कुठे ठेवायची यावर गाडी अडली आहे, अशा मेंटेनरांसाठी, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांसाठी, हे पान आहे. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत, फक्त एकसारखे होते ते एकत्र केले. हव्या त्या प्रश्नापासून वाचा. प्रत्येक उत्तर स्वतंत्र आहे आणि गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रीडमी फाइल आहे की! मग वेगळं डॉक्युमेंटेशन कशाला?

हे सॉफ्टवेअर काय आहे, कसं बसवायचं आणि अडलं तर कुठे विचारायचं, एवढ्यासाठी रीडमी, म्हणजे कोडसोबतची ओळखीची फाइल, पुरते. तेच ते प्रश्न इश्यूमध्ये (तक्रारी-सूचनांच्या यादीत) पुन्हा पुन्हा यायला लागले की तिची मर्यादा आली असं समजा. तेव्हाही लगेच नवी जागा शोधत बसू नका. पाच-दहा पानांपर्यंत त्याच रेपोमध्ये (कोडच्या साठ्यात) 'डॉक्स' नावाचा एक फोल्डर पुरतो. गिटहब, गिटलॅब आणि कोडबर्ग या कोड ठेवायच्या तिन्ही ठिकाणी मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडणी केलेली मजकुराची) फाइल नीट मांडून दिसते, शोध चालतो आणि होस्टिंगचा प्रश्नच येत नाही.

२. पर्याय तरी कोणकोणते आहेत?

ढोबळमानाने चार. पहिला, पानं रेपोमध्ये ठेवायची आणि स्फिंक्स, एमकेडॉक्स, ह्युगो, डॉक्युसॉरस, एमडीबुक यांपैकी एखाद्या साधनाने त्यांची साइट बनवायची. दुसरा, कोड जिथे आहे तिथलीच जोडविकी, म्हणजे गिटहब किंवा गिटलॅबची. तिसरा, खरीखुरी विकी स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची: मीडियाविकी, डोकुविकी, एक्सविकी, बुकस्टॅक. चौथा, दुसऱ्या कोणाच्या सेवेवर विकी किंवा डॉक्स ठेवायचे, फुकट किंवा पैसे देऊन.

नावं पुष्कळ आहेत. पण 'सॉफ्टवेअर कोणतं' हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. चूक सापडल्यावर ती कोण दुरुस्त करणार आणि उद्या जागा सोडायची वेळ आली तर काय काय बरोबर नेता येईल, हे दोन प्रश्न कठीण आहेत. खालची बहुतेक उत्तरं या दोन प्रश्नांभोवतीच फिरतात.

३. फार वाचायला वेळ नाही. आम्ही नेमकं काय करू?

प्रकल्प लहान असेल आणि लिहिणारे बहुतेक प्रोग्रामर असतील, तर पानं रेपोमध्ये, साइट रीड द डॉक्स किंवा तत्सम स्थिर होस्टिंगवर (आधीच तयार केलेली पानं जशीच्या तशी दाखवणाऱ्या सेवेवर), आणि पत्ता स्वतःच्या डोमेनचा. वापरणाऱ्यांमध्ये प्रोग्रामर नसलेले लोक जास्त असतील आणि त्यांच्याकडे तुमच्याकडे नसलेली माहिती असेल, तर त्या माहितीपुरती विकी जोडा. दोन्ही ठेवणार असाल तर कोणती माहिती कुठे जाणार हे दोन्हीकडच्या पहिल्या पानावर लिहा.

४. विकी बरी की रेपो? दोन्ही बाजूंचे लोक हट्टाने बोलतात.

दोघांचंही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या मजकुराबद्दल बोलत असतात.

एखाद्या फंक्शनला कोणते पॅरामीटर लागतात, कॉन्फिगरेशनमधल्या ओळीचा अर्थ काय, ही माहिती कोडबरोबर बदलते. ती कोडशेजारीच असावी, म्हणजे कोड बदलणाऱ्याला त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (तपासणीसाठी पाठवलेल्या बदलात) पान बदलता येतं आणि तपासणाराही 'डॉक्स कुठे आहेत?' असं विचारू शकतो. याउलट अमुक कंपनीच्या लॅपटॉपवर वायफाय कसं चालू करायचं, जुन्या प्रिंटरवर देवनागरी छापताना काय अडतं, ही माहिती मेंटेनरकडे नसतेच. ती शेकडो वापरकर्त्यांकडे तुकड्यातुकड्यांनी असते. ते तुकडे गोळा करायला विकीसारखं साधन नाही. आर्च लिनक्सची विकी मीडियाविकीवर चालते आणि दुसरी डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) वापरणारेही तिथे जाऊन वाचतात, ते याचमुळे.

विकीकडून रेपोकडे गेलेलं सर्वांत मोठं उदाहरण एमडीएनचं. वेब तंत्रज्ञानाचं मोझिलाचं हे डॉक्युमेंटेशन अनेक वर्षं विकीवर होतं. कोणीही खातं उघडून पान बदलायचं आणि बदल आधी प्रसिद्ध व्हायचा, तपासणी नंतर. डिसेंबर २०२० मध्ये सगळी पानं गिटहबवर गेली आणि दुरुस्त्या पुल रिक्वेस्टने येऊ लागल्या. प्रत्येक बदल प्रसिद्ध होण्याआधी तपासला जातो, हा मोठा फायदा झाला. पण जाता जाता एका शब्दाची दुरुस्ती करून पुढे जाणाऱ्याला आता गिटहब समजून घ्यावं लागतं. हा सौदा एमडीएनला परवडतो, कारण तिथले वाचक वेब डेव्हलपरच आहेत. शाळेत वापरायच्या सॉफ्टवेअरला तो परवडेल असं मला वाटत नाही. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरची वापरपुस्तिकाही विकीवरून स्फिंक्सकडे गेली. असा बदल करणाऱ्या प्रकल्पांकडे तपासायला माणसं होती, हे विसरू नका. तपासणारा नसेल तर पुल रिक्वेस्ट महिनोन्महिने पडून राहते आणि दुरुस्ती पाठवणारा पुन्हा फिरकत नाही.

५. गिटहबवर विकीचा टॅब आयताच मिळतो. तोच का वापरू नये?

दोन-चार जणांच्या अंतर्गत टिपणांसाठी खुशाल वापरा. बाहेरच्या वाचकांसाठी मी सुचवणार नाही. कारणं तीन.

त्या विकीवर पुल रिक्वेस्ट करता येत नाही. सार्वजनिक रेपोची विकी मुळात फक्त सहयोगींना बदलता येते. सगळ्यांना खुली केली तर कोणाचाही बदल न तपासता थेट पानावर येतो. मधला मार्गच नाही.

दुसरं कारण पुष्कळांना माहीत नसतं. गिटहबच्या नियमाप्रमाणे शोधयंत्रांत फक्त अशाच विकी येतात ज्यांच्या रेपोला किमान ५०० स्टार (वापरकर्त्यांनी दिलेली पसंतीची खूण) आहेत आणि ज्यांचं संपादन सर्वांना खुलं नाही. म्हणजे नव्या प्रकल्पाने कष्टाने लिहिलेली पानं गूगलवर दिसणारच नाहीत. आणि विकी समुदायाला खुली केली, की स्टार कितीही असोत, ती शोधातून बाहेर.

तिसरं, तिथे आवृत्त्यांची सोय नाही (प्रश्न ८ पाहा).

एक गोष्ट मात्र चांगली आहे. ही विकी स्वतः एक गिट (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) रेपो असते, त्यामुळे ती इतिहासासकट क्लोन करून (पूर्ण प्रत उतरवून) दुसरीकडे नेता येते. आधीच तिच्यात अडकला असाल तर सुटणं अवघड नाही. कसं ते प्रश्न १८ मध्ये आहे.

६. आमचे वापरकर्ते शिक्षक आहेत, फोनवरून लिहितात. त्यांना गिट कसं शिकवायचं?

शिकवू नका. प्रत्येक पानावर 'हे पान सुधारा' असा दुवा ठेवा. गिटहबवर तो दुवा थेट त्या फाइलच्या संपादकात उघडतो. लेखनाधिकार नसलेल्या माणसाने तिथे बदल केला की त्याच्या नावाची प्रत आपोआप तयार होते आणि दोन-तीन बटणांत पुल रिक्वेस्ट जाते. कमांड लाइन लागत नाही, पण खातं आणि इंग्रजी पडदे लागतात. फोनवर हे जमतं, पण त्रासदायक आहे.

त्याहून सोपं हवं असेल तर मीडियाविकी. फोनवरून तिथे बरं संपादन करता येतं आणि तिचे मेनू मराठीत आहेत. मराठी विकिपीडियावर हात बसलेल्या माणसाला काहीच नवं शिकावं लागत नाही. मधला मार्ग फ्रापे विकीचा. ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मुंबईच्या फ्रापे कंपनीने ती ओपन सोर्स केली आहे. वाचकाने सुचवलेला बदल आधी तपासायला जातो आणि मान्य झाल्यावर पानावर येतो. विकीची सोय आणि पुल रिक्वेस्टची तपासणी यांची अशी सांगड मला फार आवडते, कारण प्रोग्रामर नसलेल्या माणसाला तिथे मान मिळतो आणि मेंटेनरलाही निर्धास्त झोप लागते.

यातलं काहीच शक्य नसेल तर निदान एक साधा फॉर्म ठेवा: कोणत्या पानावर, काय चुकलं, काय हवं. आलेली माहिती पानावर चढवायची जबाबदारी नावानिशी एकावर टाका. नाव नसेल तर ते काम होत नाही.

७. रीड द डॉक्स, गिटहब पेजेस, कोडबर्ग पेजेस: निवड कशी करायची?

तिन्ही स्थिर साइटच दाखवतात. रीड द डॉक्स २०१० पासून आहे आणि खास डॉक्युमेंटेशनसाठी बनलेलं आहे: कोड ढकलला की साइट नव्याने बांधली जाते, आवृत्त्या वेगळ्या राहतात, पुल रिक्वेस्टची साइट आधी पाहता येते. ओपन सोर्सला ते फुकट आहे, पण पानांवर जाहिराती असतात. गिटहब पेजेसवर जाहिराती नाहीत. प्रसिद्ध साइट १ जीबीच्या आत हवी आणि महिन्याला १०० जीबी वाहतुकीची लवचिक मर्यादा आहे. मजकुराच्या साइटला ती सहसा गाठत नाही, व्हिडिओ ठेवाल तर गाठेल. कोडबर्ग ही बर्लिनमधली ना-नफा संस्था. तिथे फक्त मुक्त परवान्याचे प्रकल्प चालतात. तत्त्व म्हणून मोठ्या कंपनीच्या बाहेर राहायचं असेल तर ती चांगली जागा आहे. मात्र तिचं काम देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतं, त्यामुळे सेवा अखंड राहीलच अशी अपेक्षा धरू नका.

नेहमीच्या प्रकल्पाला मी रीड द डॉक्स सुचवतो.

८. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांसाठी वेगळी पानं ठेवावी लागतात का?

तुमचे वापरकर्ते एकाच वेळी २ आणि ३ अशा दोन्ही आवृत्त्या वापरत असतील तर हो. रेपोत हे सोपं आहे: प्रत्येक टॅगची किंवा शाखेची (कोडच्या नोंदवून ठेवलेल्या आवृत्तीची) साइट वेगळी बांधायची आणि वर निवडपट्टी द्यायची. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन असंच आवृत्तीनिहाय मिळतं. विकीत पानाचा इतिहास असतो, पण तो तारखांचा. 'आवृत्ती २ ची सगळी पानं' असं त्यातून एकत्र मिळत नाही. विकीवाले मग पानावर 'हे ३.० पासून लागू' असा साचा लावतात. थोड्या पानांना तो चालतो, शंभर पानांवर मात्र कोणी सांभाळत नाही. आवृत्त्या महत्त्वाच्या असतील तर एवढ्या एका कारणासाठीसुद्धा रेपो निवडायला हरकत नाही.

९. स्वतःचा सर्व्हर घेऊन मीडियाविकी चालवली तर?

बसवणं एका दुपारचं काम आहे. खरं काम पुढची दहा वर्षं: सुरक्षेचे अपडेट, पीएचपीच्या (मीडियाविकी जिच्यात लिहिली आहे त्या भाषेच्या) नव्या आवृत्त्या, बॅकअप, स्पॅम. २०१२ मध्ये डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) या दोन्ही प्रकल्पांच्या विकींमध्ये घुसखोरी झाली. दोन्ही मॉइनमॉइन या सॉफ्टवेअरवर होत्या आणि वाट त्यातल्याच त्रुटीतून मिळाली. एवढे जाणते समुदाय असून हे झालं. त्या मॉइनमॉइनची १.९ ही मालिका पायथन २ वर अवलंबून होती आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. विकीचं सॉफ्टवेअर निवडताना पुढची आवृत्ती कोण काढतंय तेही पाहावं लागतं ते यासाठी.

सर्व्हर सांभाळणारी किमान दोन माणसं असतील तरच या वाटेला जा. आणि जायचंच असेल, पानं शे-दोनशे असतील, तर आधी डोकुविकी पाहा. ती डेटाबेस वापरत नाही, प्रत्येक पान साधी मजकुराची फाइल असते. बॅकअप म्हणजे फोल्डरची प्रत, आणि उद्या विकी बंद पडली तरी पानं कोणत्याही एडिटरमध्ये उघडतात.

१०. फुकट विकी देणाऱ्या सेवांवर विसंबावं का?

सुरुवातीला चालेल, पण बाहेर पडायचं दार आधी पाहून ठेवा. विकीस्पेसेस ही शिक्षकांत लोकप्रिय असलेली सेवा २०१८ मध्ये बंद होऊ लागली. मिराहेझ ही मीडियाविकी फुकट देणारी ना-नफा सेवा. जून २०२३ मध्ये ती बंद होणार असं जाहीर झालं, नंतर नव्या माणसांनी भार उचलला आणि ती टिकली. तिथल्या समुदायांचे मधले दिवस कसे गेले असतील याचा विचार करा. जाहिरातींवर चालणाऱ्या फॅनडमसारख्या सेवेत आणखी एक अडचण: समुदाय उठून गेला तरी जुनी विकी तिथेच राहते आणि शोधात नव्या विकीशी स्पर्धा करते. माइनक्राफ्ट या खेळाची विकी २०२३ मध्ये तिथून स्वतःच्या पत्त्यावर गेली, जुनी प्रत मागे राहिलीच.

नोंदणी करण्याआधी तीन गोष्टी तपासा: सगळी पानं इतिहासासकट एका फाइलमध्ये उतरवता येतात का, चित्रंही येतात का, आणि स्वतःचं डोमेन लावता येतं का. तिसऱ्याचं महत्त्व प्रश्न १२ मध्ये.

११. गिटहबसारखी मोठी कंपनी कशाला बंद पडेल? उगाच घाबरवताय का?

कंपनी बंद पडायची गरज नसते, सेवा बंद पडली तरी पुरतं. गूगल कोड या कोड ठेवायच्या सेवेवर हजारो प्रकल्पांच्या विकी होत्या. मार्च २०१५ मध्ये गूगलने ती बंद करणार असं सांगितलं आणि जानेवारी २०१६ मध्ये ती संपली. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने २०१६ मध्ये समुदायाने लिहायचं डॉक्युमेंटेशन सुरू केलं. पुष्कळ लोकांनी मनापासून उदाहरणं लिहिली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये ते बंद झालं. मजकूर सीसी बाय-एसए (श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या, अशा) परवान्याखाली असल्याने दुसऱ्यांना तो उतरवून घेता आला. बिटबकेट या कोड ठेवायच्या सेवेने २०२० मध्ये मर्क्युरिअलचा (गिटसारख्या दुसऱ्या साधनाचा) आधार काढला आणि तिथल्या मर्क्युरिअल रेपोंना जागा सोडावी लागली. अट्लासियन कंपनीने कॉन्फ्लुअन्स या आपल्या विकीच्या स्वतः चालवायच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ ला थांबवला.

शिवाय सेवा जिवंत असूनही पोहोचण्याची वाट बंद होऊ शकते. डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशाने भारतात ३२ संकेतस्थळं अडवली गेली, त्यांत गिटहबही होतं. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या गिटहब खात्यांवर मर्यादा आल्या. म्हणून महिन्यातून एकदा दुसऱ्या ठिकाणी प्रत ढकलण्याचं काम स्वयंचलित करा. गिट रेपो असेल तर सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहाला तो जतन करण्याची विनंतीही करता येते.

१२. स्वतःचं डोमेन खरंच लागतं का? फुकटचा पत्ता काय वाईट?

या सगळ्यांत पैसे खर्च करावेत अशी एकच गोष्ट असेल तर ती डोमेन. लोक पानांचे दुवे पुस्तकांत, उत्तरांत, व्हॉट्सअ‍ॅपवर, प्रशिक्षणाच्या स्लाइडमध्ये देतात. ते तुम्ही परत गोळा करू शकत नाही. पत्ता तुमचा असेल तर मागचं होस्टिंग कितीदाही बदला, दुवा चालू राहतो. रीड द डॉक्स, गिटहब पेजेस दोन्हीवर स्वतःचं डोमेन लावता येतं. ते कोणाच्या नावावर असावं हा वेगळा प्रश्न. तो शेवटी, प्रश्न १९ मध्ये.

१३. परवान्याचा इथे काय संबंध? कोडला जीपीएल परवाना आहे ना.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलेल्या मजकुरावर लेखकाचा हक्क आपोआप तयार होतो, नोंदणी लागत नाही. विकीवर पन्नास जणांनी लिहिलं आणि परवाना कुठेच सांगितला नसेल, तर जागा बदलताना तांत्रिकदृष्ट्या पन्नास जणांची परवानगी लागते. त्यांतले निम्मे सापडत नाहीत. त्यामुळे पहिलं पान उघडण्याआधी परवाना ठरवा आणि संपादनाच्या चौकटीखाली दिसेल असा लिहा.

मजकुराला सीसी बाय-एसए ४.० आणि त्यातल्या कोडच्या तुकड्यांना सीसी शून्य (कोणतीही अट नाही), ही जोडी मला सर्वांत व्यवहार्य वाटते. एमडीएनवरही मजकूर सीसी बाय-एसएच्या (२.५) परवान्याखाली आणि २०१० नंतरचे कोडचे नमुने सार्वजनिक क्षेत्रात आहेत. कोडचा तुकडा वेगळा काढण्याचं कारण असं, की वाचक तो उचलून आपल्या प्रोग्रामात चिकटवणारच, आणि त्याच्या प्रोग्रामवर बाय-एसएची अट यावी असं तुम्हाला वाटत नसतं. बाय-एसए ४.० चा मजकूर जीपीएल ३ च्या प्रकल्पात घेता येतो, उलट दिशेने नाही. हेल्प फाइलमधला मजकूर विकीवर चढवताना हे आडवं येतं. जीएफडीएल हा डॉक्युमेंटेशनचा जुना परवाना नव्याने घेऊ नका. न बदलता येणारे भाग असलेला जीएफडीएल मजकूर डेबियनने २००६ च्या मतदानात मुक्त मानला नाही, आणि विकिपीडियासुद्धा २००९ मध्ये बाय-एसएकडे वळली.

१४. सगळ्यांना खुलं ठेवलं तर स्पॅम येईल ना?

येईल, आणि पहिला वाचक येण्याआधी येईल. खातं उघडताना चित्रातली अक्षरं ओळखायला लावून आता फारसं काही थांबत नाही. प्रकल्प ओळखणाऱ्यालाच येईल असा प्रश्न उपयोगी पडतो. आर्च विकी नोंदणीच्या वेळी टर्मिनलमध्ये एक कमांड चालवून उत्तर मागते. मराठी कळफलकाचा प्रकल्प असेल तर 'क्ष कोणत्या कळांनी येतो?' असं विचारा. मीडियाविकीत नव्या खात्यांना बाहेरचे दुवे टाकण्यापासून रोखणारे गाळणे लावता येतात.

स्पॅमपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते. बसवण्याच्या पानावरची कमांड किंवा डाउनलोडचा दुवा कोणी गुपचूप बदलला, तर वाचक ती कमांड डोळे झाकून चालवतो. ही दोन-तीन पानं विकीवर असली तरी कुलूपबंद ठेवा. बदल फक्त मेंटेनरकडून.

१५. एआयचे बॉट विकी बंद पाडतात हे खरं का?

त्रास खरा आहे. रीड द डॉक्सने २०२४ मध्ये सांगितलं, की एका क्रॉलरने (पानं आपोआप उतरवणाऱ्या बॉटने) मे महिन्यात ७३ टीबी उतरवून घेतलं आणि त्यापायी ५,००० डॉलरहून जास्त खर्च झाला. विकीवर हा भार आणखी जड, कारण प्रत्येक पानाच्या इतिहासातली प्रत्येक तुलना हे बॉटच्या दृष्टीने नवं पान असतं आणि सर्व्हरला ते दरवेळी नव्याने तयार करावं लागतं. स्थिर साइटला असली पानंच नसतात. स्वतःची विकी असेल तर इतिहासाची पानं खातेदारांपुरती ठेवा आणि अनुबिससारखा बॉट अडवणारा पहारेकरी लावण्याची तयारी ठेवा.

१६. आमचं डॉक्युमेंटेशन मराठीत आहे. काही वेगळं पाहावं लागतं का?

हो, आणि हे साधनं निवडण्याआधीच पाहा.

पहिली अडचण शीर्षकांच्या दुव्यांची. एमकेडॉक्स आणि स्फिंक्स दोन्ही मूळ मांडणीत शीर्षकातून रोमन अक्षरंच उचलतात. शीर्षक देवनागरी असेल तर हाती काहीच उरत नाही, मग दुवा 'अंडरस्कोअर १', 'अंडरस्कोअर २' किंवा 'आयडी १', 'आयडी २' असा क्रमाने बनतो. कोणी मध्ये एक शीर्षक घातलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि जुने दुवे चुकीच्या परिच्छेदावर नेतात. त्रुटी कुठेच दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं लपून राहते. एमकेडॉक्समध्ये युनिकोड (म्हणजे देवनागरी अक्षरंही) राखणारा स्लगचा, म्हणजे शीर्षकावरून दुवा बनवण्याचा, पर्याय चालू करा. स्फिंक्समध्ये महत्त्वाच्या शीर्षकांना हाताने लेबल द्या.

दुसरी, पत्त्याची लांबी. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरं होऊन बसतं. 'नमस्कार' सात चिन्हांचा, म्हणजे त्रेसष्ट अक्षरं. दुवा पाठवताना ही माळ तुटते. फाइलचं नाव रोमन आणि शीर्षक मराठी ठेवलं की प्रश्न मिटतो.

तिसरी, शोध. 'खातं' शोधलं तर 'खात्यात' सापडायला हवं, पण शब्दाचं मूळ रूपच बदलल्यामुळे साध्या शोधाला ते कळत नाही. पाच-सहा नेहमीचे शब्द घेऊन शोध तपासा आणि नसेल सापडत तर पानाच्या वरच्या सारांशात मूळ रूप मुद्दाम वापरा. डाउनलोड की डाऊनलोड, फाइल की फाईल, हेही एका पानावर ठरवून टाका. नाहीतर अर्धी पानं शोधात येणार नाहीत.

१७. मूळ पानं इंग्रजीत आहेत, मराठी भाषांतर समुदायाने करायचं आहे. कुठे?

मूळ जिथे आहे तिथेच, आणि मूळ पान बदलल्यावर भाषांतर शिळं झालं हे दाखवणाऱ्या साधनाने. मीडियाविकीला ट्रान्सलेट नावाची जोडणी आहे. केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉप प्रकल्पाची युजरबेस विकी तीच वापरते. रेपो असेल तर वेबलेट, ज्यात वाक्यागणिक भाषांतर होतं आणि बदललेलं वाक्य वेगळं दिसतं. पूर्ण पानाची वेगळी मराठी प्रत करू नका. सुरुवातीला सोपं वाटतं, पण मूळ पान पुढे निघून जातं आणि मराठी वाचक कालबाह्य सूचना पाळत बसतो. एमडीएनने स्थलांतराच्या वेळी बऱ्याच भाषा गोठवल्या आणि सांभाळणारा गट पुढे आला त्याच पुन्हा उघडल्या. कठोर वाटलं तरी वाचकाशी ते प्रामाणिक आहे. मराठीसाठी दोन माणसं सातत्याने मिळत नसतील तर बसवण्याचं आणि पहिल्या वापराचं, एवढीच पानं भाषांतरित करा.

१८. जुनी विकी आहे, ती हलवायची आहे. काय चुकतं?

मजकूर हलतो, पॅनडॉक हे साधन मीडियाविकी, डोकुविकी यांचा मजकूर मार्कडाउनमध्ये बदलून देतं. तक्ते आणि साचे हाताने नीट करावे लागतात. खरी चूक दोन ठिकाणी होते. एक, लेखकांचा इतिहास टाकून दिला जातो. बाय-एसए परवान्यात श्रेय देणं ही अट आहे, तेव्हा निदान मूळ पानाचा दुवा आणि लेखकांची यादी बरोबर न्या. दोन, जुने पत्ते मरतात. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पानाकडे पुनर्निर्देशन हवं. रीड द डॉक्सवर ते करता येतं. गिटहब पेजेसवर सर्व्हरच्या पातळीवर करता येत नाही, पानाच्या आतून करावं लागतं.

जुनी विकी दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि तो बंद करायला तयार नसेल तर? निक्सओएस या लिनक्स डिस्ट्रोचं असंच झालं. समुदायाची अनधिकृत विकी बरीच वर्षं होती. २०२४ मध्ये प्रकल्पाच्या स्वतःच्या डोमेनवर अधिकृत विकी सुरू झाली, आणि शोधात दोन्ही येत राहिल्या. अशा वेळी भांडण्यात शक्ती घालवू नका. सॉफ्टवेअरच्या आतले, रीडमीतले आणि संकेतस्थळावरचे सगळे दुवे नव्या पत्त्याकडे वळवा.

१९. मुख्य मेंटेनर संपर्कात नाही. डोमेन आणि सर्व्हर त्याच्याच नावावर. आता?

आधी प्रत घ्या, आजच. रेपो असेल तर क्लोन. विकी असेल तर निर्यातीच्या पानावरून मजकूर, आणि विकीटीम या विकी जतन करणाऱ्या गटाची साधनं वापरून चित्रंही. २००८ मध्ये जेंटू या लिनक्स डिस्ट्रोची अनधिकृत विकी सर्व्हरवरच्या बिघाडात गेली आणि लोकांना शोधयंत्रांच्या साठवणीतून पानं गोळा करावी लागली, तेही सगळी मिळाली नाहीत.

परवाना मुक्त असेल (प्रश्न १३) तर मजकूर नव्या जागी लावायला मेंटेनरची परवानगी लागत नाही. परवाना लिहिलेलाच नसेल तर ज्यांच्याशी संपर्क होतो त्या लेखकांची लेखी संमती घ्या, बाकीची पानं नव्याने लिहा. नवी संस्था किंवा गट केलात तर डोमेन, होस्टिंग आणि रेपो या तिन्हींच्या चाव्या किमान दोघांकडे द्या आणि नूतनीकरणाची आठवण सामायिक ईमेलवर येऊ द्या.

जुन्या डोमेनची मुदत कधी संपते ते डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत (हूइज) पाहता येतं. ती तारीख आजच लिहून घ्या: तोपर्यंत मेंटेनर सापडला नाही आणि डोमेन सुटलं, तर ते दुसऱ्या कोणी उचलून तुमच्या वाचकांना भलतंच डाउनलोड देण्याआधी तुम्हालाच नोंदवावं लागेल.